डोरलं गळ्यातच राहू द्या

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावातून एका आईचं पत्र आलं आहे. मुलगा आठ वर्षांचा, तिसरीत शिकतो. दिवाळीच्या सुट्ट्या संपून शाळा सुरू झाली त्याच आठवड्यात तो शाळेत खेळता खेळता बोरिंगच्या ओट्यावर तोंडघशी पडला. वरचा समोरचा दात अर्ध्यातून तुटला आणि तुटलेल्या जागी मधोमध लाल ठिपका दिसू लागला. आई कापूस वेचायला वावरात गेलेली. संध्याकाळी घरी आल्यावर तिला कळलं. दोन दिवस लवंगाचं तेल लावण्यात गेले. तिसऱ्या दिवशी तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला, तात्पुरतं सिमेंट लावलं आणि सांगितलं की दाताचं मूळ अजून कच्चं आहे, नस उघडी पडली आहे, पण ती जिवंत ठेवायची. त्यावर साधं कॅल्शियमचं औषध ठेवलं तर सगळं मिळून ८०० रुपये, बायोडेंटिन नावाचं महागाचं औषध ठेवलं तर ४,५०० रुपये. गावातल्या एकाचं म्हणणं, नस मारून कॅप बसवा, कटकट संपते. सासूबाई म्हणतात, "काढून टाक ना माय तो दात, दुसरा येते." तुटलेला तुकडा आईने कागदाच्या पुडीत जपून ठेवला आहे. शेवटी ती लिहिते, "डोरलं गहाण ठेवून महागाचा मसाला भरू का? स्वस्तातला भरला अन् दात गेला, तं पोट्टं मोठं झाल्यावर मले काय म्हणन? मी वावरात नसती तं हे झालंच नसतं."

ताई,

तुमचा निरोप आला त्याच संध्याकाळी मी दोन ओळींचं उत्तर पाठवलं होतं: तुकडा पाण्यात ठेवा आणि चार दिवसांच्या आत त्याच डॉक्टरांकडे जा. दात काही सदर छापून यायची वाट बघत नाही. आता सविस्तर लिहिते, कारण तुमच्या पत्रातले प्रश्न मला या भागात दंतवैद्य म्हणून काम करताना जवळजवळ दर महिन्याला ऐकू येतात.

आधी शेवटच्या वाक्याबद्दल. तुम्ही घरी असतात तरी मूल पडलंच असतं. ते शाळेत पडलं. आठ-नऊ वर्षांचं वय धावायचं असतं आणि वरचे समोरचे दोन दात नेमके त्याच सुमाराला नवे आलेले, ओठांच्या पुढे डोकावणारे असतात. म्हणूनच लहान मुलांच्या पक्क्या दातांना मार लागतो तेव्हा बहुतेक वेळा तो याच दोन दातांना लागतो. शिक्षकांची मुलंही पडतात, डॉक्टरांचीही. वेचणीच्या दिवसांत मजुरी सोडून घरी बसणारी आई मी तरी पाहिलेली नाही. तुम्ही तिसऱ्या दिवशी दवाखाना गाठला आणि तुकडा जपून ठेवला. बरेच सुशिक्षित पालक यातलं काहीच करत नाहीत.

आता दाताकडे वळू. सासूबाईंना आदराने सांगा की हा दात पडला तर मागून दुसरा येणार नाही. दुधाचा दात सहाव्या-सातव्या वर्षी पडून गेला, आता तोंडात आहे तो पक्का. पण पक्का म्हणजे पूर्ण झालेला नव्हे. हे फार कमी लोकांना माहीत असतं. दात हिरडीतून वर दिसायला लागतो तेव्हा त्याचं मूळ अर्धवटच असतं. पुढची साधारण तीन वर्षं ते खाली खाली वाढतं, भिंती जाड होतात आणि मग टोक बंद होतं. समोरच्या दाताचं हे काम दहाव्या वर्षाच्या सुमाराला पुरं होतं. तुमच्या मुलाच्या एक्स-रेमध्ये मुळाचं टोक खाली उघडं, नरसाळ्यासारखं दिसलं असेल. "कच्चं मूळ" म्हणून डॉक्टरांनी तेच सांगितलं.

तुमच्या गावात विहीर बांधताना पाहिली असेल. गवंडी आत उतरून काम करतो. बांधकाम निम्म्यावर असताना गवंड्याला बाहेर काढलं, तर वरून विहीर ठीक दिसेल, पण खाली भिंतच नसेल. दातातली नस हाच तो गवंडी. नस हा आपला बोलायचा शब्द. खरं तर आत मऊ, रक्ताने भरलेला जिवंत मगज असतो, आणि मुळाच्या भिंती बांधणाऱ्या पेशी त्यातच असतात. तो मेला की मूळ त्या क्षणी जेवढं असेल तेवढ्यावर थांबतं.

म्हणून "नस मारा आणि मोकळे व्हा" हा सल्ला तुमच्या मुलासाठी चुकीचा आहे. पस्तिशीच्या माणसाला तो कदाचित चालला असता. आठ वर्षांच्या मुलाच्या दातात रूट कॅनाल भरायला खाली तळच नसतो. आणि कटकट संपत नाही, तिथून सुरू होते. मी प्रॅक्टिस सुरू केली त्या वर्षांत नऊ वर्षांची एक मुलगी माझ्याकडे आली होती. तिची नस आधीच मेलेली होती, त्यामुळे माझ्याकडेही फारसा पर्याय नव्हता. तेव्हाच्या पद्धतीप्रमाणे मी मुळात कॅल्शियम हायड्रॉक्साइड भरून ठेवलं आणि दर तीन महिन्यांनी बदलत राहिले. दीड वर्षाने टोक बंद झालं. मला फार आनंद झाला. पुढच्या हिवाळ्यात जांब चावताना तो दात हिरडीपाशी सरळ मोडला, कारण भिंती कागदासारख्या पातळच राहिल्या होत्या. तिची आई मला एक शब्द बोलली नाही. तो तुकडा हातात घेऊन नुसती उभी राहिली. तेव्हापासून उघडी पडलेली पण जिवंत नस घेऊन कुणी आलं की ती वाचवायला मी जिवाचं रान करते. (नस मेलेल्या कच्च्या दातासाठी आता त्यापेक्षा चांगले उपाय आहेत. मुळाच्या टोकाशी एकाच बैठकीत सिमेंटचं बूच बसवता येतं. काही दातांत रक्ताच्या गुठळीच्या आधाराने नवी ऊती वाढू देण्याचा प्रयत्नही करता येतो. पण ते सगळं नंतरचं.)

तुमच्या डॉक्टरांनी नस जिवंत ठेवू म्हटलं, ते योग्य तेच बोलले. त्यांच्यावर विश्वास ठेवायला मला हे एक कारण पुरेसं आहे.

आता तुमचा खरा प्रश्न. ८०० की ४,५००?

ताई, तुमच्या पत्रात एक गोष्ट गृहीत धरलेली दिसते, की दात वाचवतो तो मसाला, आणि जितका महाग तितका जास्त वाचवतो. त्यामुळे स्वस्त निवडलं तर आपण लेकराशी बेइमानी केली, असं तुम्हाला वाटतंय. हे जरा तपासून बघू या.

१९६५ मध्ये अमेरिकेत काकेहाशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांवर एक प्रयोग केला. काही उंदीर अगदी जंतुविरहित वातावरणात वाढवलेले होते, काही नेहमीच्या. दोन्ही गटांच्या दाढा कोरून नस उघडी पाडली आणि वर काहीही न लावता तशीच सोडली. नेहमीच्या उंदरांची नस सडली. जंतुविरहित उंदरांच्या दातात अन्न अडकत होतं, तरीही नस जिवंत राहिली आणि तिने आपल्यावर नवं दंतिन, म्हणजे दाताचा आतला कठीण थर, चढवून भोक बुजवलं. कोणताही मसाला नसताना. म्हणजे नस स्वतःच बरी होऊ शकते, तिला मारतात ते जंतू. आपण वर जे ठेवतो त्याची दोन कामं. नसेला शांत ठेवून बांधकामाला चालना द्यायची, आणि दार असं लावून घ्यायचं की थुंकीतून जंतू आत शिरणार नाहीत.

याच विचाराने स्वीडनमधले दंतवैद्य मिओमिर क्वेक काम करत होते. मार लागून तुटलेल्या, नस उघडी पडलेल्या समोरच्या दातांत ते वरचा एक-दोन मिलिमीटर सुजलेला मगज बारीक हिऱ्याच्या बरने, म्हणजे मशीनच्या कोरायच्या टोकाने, पाण्याच्या धारेखाली कापून टाकत. खालचा निरोगी मगज तसाच ठेवत, त्यावर औषध ठेवून दात बंद करत. १९७८ मध्ये त्यांनी अशा ६० दातांचा हिशेब मांडला, त्यातले ९६ टक्के बरे झाले होते. यातल्या दोन गोष्टी तुमच्यासाठीच आहेत असं मला वाटतं. एक, काही मुलं मार लागल्यावर तासाभरात आलेली होती, तर काही ९० दिवसांनी. तुमचे तीन दिवस त्या मानाने काहीच नाहीत. पुढे माकडांवर केलेल्या अभ्यासातही दिसलं की उघडी पडून आठवडा झाला तरी सूज साधारण दोन मिलिमीटरच्या खाली जात नाही. म्हणून तर तेवढाच भाग कापायचा. आणि दुसरी गोष्ट, त्या साठही दातांत जे औषध ठेवलं होतं ते साधं कॅल्शियम हायड्रॉक्साइड होतं. महागाचं अजून जन्मलंच नव्हतं.

म्हणजे तुमचा ८०० रुपयांचा पर्याय टाकाऊ नाही.

मग लोक ४,५०० रुपये उगाच मागतात का? तसंही नाही. या कामाला मुख्यतः तीन औषधं वापरतात: कॅल्शियम, एमटीए आणि बायोडेंटिन. ती काय आहेत हे थोडक्यात सांगते, म्हणजे डॉक्टर बोलतील ते तुम्हाला कळेल.

कॅल्शियम हायड्रॉक्साइड म्हणजे रसायनाच्या भाषेत भिजवलेला चुनाच. जर्मनीतल्या हर्मन यांनी १९२० च्या सुमाराला तो दातांच्या उपचारात आणला. फार अल्कधर्मी असल्यामुळे जंतू मारतो आणि नसेचा वरचा पातळ थर जाळून खालच्या पेशींना कामाला लावतो. दुबळेपणा असा की तो दाताला चिकटत नाही आणि वर्षं जातील तसा विरघळत जातो. त्याच्याखाली तयार होणाऱ्या नव्या भिंतीत कधी कधी बारीक बोगदे राहतात. वरचं झाकण गळकं असेल तर त्यातून जंतू खाली उतरतात. इथे एक कळकळीची विनंती करते. "चुनाच आहे ना," म्हणून खर्र्याच्या डबीतला चुना कुणी मुलाच्या दातात भरू नका. मी असे दोन ओठ आणि एक हिरडी भाजलेली पाहिली आहे.

एमटीए १९९३ मध्ये कॅलिफोर्नियाच्या लोमा लिंडा विद्यापीठात तोराबिनेजाद यांच्या गटाने पुढे आणलं. ऐकून नवल वाटेल, पण ते पोर्टलंड सिमेंटच्या कुळातलं आहे. गडचांदूरला, घुग्घुसला पोत्यांत भरतात त्याच जातीचं. फक्त अतिशय शुद्ध केलेलं, बारीक दळलेलं, आणि एक्स-रेत दिसावं म्हणून बिस्मथ ऑक्साइड मिसळलेलं. ओलीत घट्ट होतं, विरघळत नाही, आणि त्याच्याखाली येणारी भिंत दाट असते. घट्ट व्हायला मूळच्या एमटीएला पावणेतीन तास लागत. पण समोरच्या दातासाठी त्याचा एक मोठा दोष आहे. बिस्मथमुळे दात हळूहळू राखाडी पडतो. पांढरं म्हणून विकतात तेसुद्धा काळवंडतं. तुमच्या मुलाच्या हसण्यातला मधलाच दात आहे, म्हणून कुणी "एमटीए भरू" म्हटलं तर हे नक्की विचारा.

बायोडेंटिन आणि तशा नव्या पुट्ट्या याच सिमेंटच्या पुढच्या पिढीतल्या. बायोडेंटिन एका फ्रेंच कंपनीने २०१० च्या आसपास आणलं. त्यात बिस्मथ नाही, झिर्कोनियम आहे, त्यामुळे दात काळा पडण्याची भीती फार कमी, आणि साधारण १२ मिनिटांत ते घट्ट होतं. कुपीत येतं, मशीनवर हलवून मिसळावं लागतं, आणि लगेच घट्ट होत असल्यामुळे एक कुपी फोडली की ती बहुधा एकाच पेशंटवर संपते. महाग त्यामुळे. तुमचे डॉक्टर लुटत नाहीत.

दातांच्या इजांवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० मध्ये मार्गदर्शक सूचना सुधारल्या. मार लागून नस उघडी पडलेल्या कच्च्या दातासाठी त्यात कॅल्शियम हायड्रॉक्साइड किंवा दात न रंगवणारं सिमेंट, यातलं कोणतंही चालेल असं म्हटलं आहे. दोन्ही.

आता माझं मत स्पष्ट सांगते. पैसा हाताशी असता तर मी तुमच्या मुलासाठी बायोडेंटिन निवडलं असतं. नसताना डोरलं गहाण ठेवायला मी सांगणार नाही. आणि पैसे जमेपर्यंत पंधरा दिवस थांबायला तर मुळीच सांगणार नाही. तात्पुरतं सिमेंट गळतं. आज स्वच्छ हाताने ठेवलेलं साधं कॅल्शियम हे पंधरा दिवसांनी येणाऱ्या बायोडेंटिनपेक्षा चांगलं. चांगल्या कापसाला आधी बोंडअळीपासून वाचवावं लागतं, भाव नंतर.

जो पैसा वाचेल त्यातला थोडा दुसरीकडे लावा, म्हणजे वरच्या झाकणावर. औषधावर ग्लास आयनोमर या सिमेंटचा थर आणि त्यावर दाताच्या रंगाचं कॉम्पोझिट, असं पक्कं बंद करून घ्या. किंवा त्याहून बरं, तुमच्या पुडीतला तुकडाच परत चिकटवता येतो का ते विचारा. तो नीट बसत असेल तर त्यासारखं झाकण नाही. रंग त्याचाच, आकार त्याचाच. कोरडा पडला असेल तर चिकटवण्याआधी वीस मिनिटं तरी पाण्यात किंवा सलाईनमध्ये ठेवायचा असतो, म्हणून मी त्या दिवशी घाईने तेवढं कळवलं. दोन गोष्टी डॉक्टरांना आठवणीने सांगा. लवंगाचं तेल लावलं होतं हे सांगा, कारण त्यातल्या युजेनॉलमुळे कॉम्पोझिट नीट घट्ट होत नाही. त्यांना आधी ती जागा चांगली स्वच्छ करावी लागेल. आणि तुमच्या गावच्या बोरिंगच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असेल, मुलांच्या दातांवर पांढरे-तपकिरी पट्टे असतील, तर तेही सांगा. यवतमाळ आणि चंद्रपूरच्या बऱ्याच गावांत ही अडचण आहे, आणि अशा दाताला चिकटवण्याआधी जास्त तयारी करावी लागते.

मसाल्याचा भाव विचारता तसेच काही प्रश्न डॉक्टरांना विचारायला लाजू नका. वरचा थोडा भाग कापणार का, की तसंच औषध ठेवणार? रक्त कसं थांबवणार? ओल्या कापसाचा बोळा काही मिनिटं दाबून धरल्यावर रक्त थांबलं, तर खालचा मगज निरोगी आहे असं समजतात. थांबतच नसेल तर आणखी थोडं खाली जावं लागतं. थुंकी लागू नये म्हणून दाताभोवती रबराचा पडदा लावणार का? रबर डॅम म्हणतात त्याला, हिरवा किंवा निळा असतो. माझ्या मते या एका पडद्याची किंमत कुठल्याही कुपीपेक्षा जास्त आहे. ज्या दवाखान्यात तो लावतात तिथे साधं औषधही चांगलं टिकतं. ज्या दवाखान्यात हा प्रश्न विचारल्यावर डॉक्टर चिडतात, तिथे बायोडेंटिनवर पैसे घालून काय उपयोग?

तालुक्याला मन मानत नसेल तर नागपूरला मेडिकल चौकाच्या परिसरात शासकीय दंत महाविद्यालय आहे. वर्ध्याजवळ सावंगी मेघेलाही दंत महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. दोन्हीकडे लहान मुलांच्या दातांचा वेगळा विभाग असतो, तिथे शिकणारे डॉक्टर शिक्षकांच्या देखरेखीखाली हेच काम रोज करतात, आणि खर्च खाजगी दवाखान्यापेक्षा पुष्कळ कमी येतो. एसटीत बायकांना निम्मं तिकीट आहे आणि पाच ते बारा वर्षांच्या मुलांनाही निम्मंच. तरीही एक दिवसाची मजुरी बुडते, ते मी विसरलेले नाही. शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीला येतं, त्यांच्या यादीत दातांचे आजारही असतात. ते पुढे पाठवण्याची चिठ्ठी देतात. मुख्याध्यापकांना विचारून पथक केव्हा येणार ते समजून घ्या. पण या दातासाठी पथकाची वाट बघू नका.

आता ज्या गोष्टीवर या दाताचं पुढचं आयुष्य अवलंबून आहे, तिच्याबद्दल तुम्ही पत्रात काहीच विचारलेलं नाही. पुन्हा दाखवायला जाणं. दुखायचं थांबलं की आपल्याकडे दवाखाना सुटतो. मला ते कळतं, दुखत नसताना मजुरी कोण बुडवेल? पण नस कधी कधी आवाज न करता मरते. सहा ते आठ आठवड्यांनी, तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी आणि वर्षाने एक्स-रे काढून बघावं लागतं. तारखा लक्षात राहत नाहीत, म्हणून मी पेशंटना सण सांगते. संक्रांतीच्या आसपास एकदा. महाशिवरात्रीच्या सुमाराला दुसऱ्यांदा. उन्हाळ्याच्या सुट्टीत तिसऱ्यांदा, आणि पुढच्या दिवाळीत चौथ्यांदा. तालुक्याच्या बाजाराच्या दिवशी गेलात तर वेगळी फेरी पडणार नाही. एक्स-रे प्रत्येक वेळी मागून घ्या आणि पिशवीत एकत्र ठेवा. डॉक्टरांनी शेजारच्या दाताशी तुलना करून सांगायला हवं की मुळाची लांबी वाढते आहे का, भिंती जाड होत आहेत का, टोक मिटत चाललंय का. दोन्ही दात बरोबरीने वाढताना दिसले की गवंडी आत कामावर आहे असं समजा.

मधल्या काळात हिरडीवर पुळी आली, दात करडा पडू लागला, मूल रात्री आपणहून दुखतं म्हणून उठलं किंवा ओठ सुजला, तर सणाची वाट न बघता त्याच दिवशी जा. पहिला आठवडा समोरच्या दाताने काही तोडू देऊ नका. भाकर वरणात कुस्करून द्या, जांब कापून द्या. ब्रश मात्र बंद करू नका, मऊ ब्रशने रोज दोनदा. दात दुखतो म्हणून शेजारपाजारच्या कुणी गुडाखू लावू दिला, तर ठामपणे नाही म्हणा. तो तंबाखू आहे. बाजारात बसून दातातली कीड काढून दाखवणाऱ्याकडेही नेऊ नका. दातात अळी नसते. तो दाखवतो ती त्याने आधीच लपवलेली असते. आणि ओठ फाटला होता का हे तुम्ही लिहिलेलं नाही. फाटला असेल तर तुकड्याचा एखादा बारीक कण आत रुतलेला नाही ना, ते डॉक्टरांकडून तपासून घ्या, धनुर्वाताच्या इंजेक्शनचंही विचारा.

इतर आयांसाठी इथे एक गोष्ट जोडते, कारण मार लागण्यापेक्षा ती जास्त घरांत घडते. सहाव्या वर्षी दुधाच्या दाढांच्या मागे एक नवी दाढ येते. कोणताही दात न पडता ती येते, म्हणून सगळे तिला दुधाचीच समजतात आणि किडली तरी "पडेलच" म्हणून सोडतात. ती कधीच पडत नाही. ती पक्की आहे आणि तिचं मूळही नवव्या-दहाव्या वर्षापर्यंत कच्चंच असतं. तिच्यात कीड खोलवर गेली असेल तर चांगला डॉक्टर सगळी कीड खरवडून नस उघडी पाडत नाही, तळाचा मऊ थर मुद्दाम ठेवून वर पक्कं बंद करतो. तरीही नस उघडी पडलीच, तर तिथे मात्र मी पैसे जमवून एमटीए किंवा बायोडेंटिनच ठेवायला सांगेन. किडीने उघडी पडलेली नस आधीच जंतूंशी झगडत असते, आणि अशा दातांत साध्या कॅल्शियमपेक्षा ही सिमेंटं जास्त टिकल्याचं अनेक अभ्यासांत दिसलं आहे. दाढ मागे असल्यामुळे रंगाचाही प्रश्न येत नाही, स्वस्तातलं देशी एमटीए चालतं. म्हणून शेजारणीच्या मुलीच्या दाढेला महागाचं लागलं आणि तुमच्या मुलाला साधं चाललं, तर त्यात कुणाची फसवणूक झाली असं समजू नका.

तुमच्या मालकांशीही बोला. पत्रात ते काय म्हणतात हे कुठेच नाही, सासूबाई आहेत, गावातला माणूस आहे, तुम्ही आहात. ८०० रुपये आणि वर्षभराच्या चार फेऱ्या हा दोघांनी मिळून ठरवायचा खर्च आहे. चारपैकी दोन फेऱ्या त्यांनी केल्या तर तुमच्या दोन मजुऱ्या वाचतील, आणि बाप मुलाचा हात धरून दवाखान्यात बसला तर पोराची भीतीही कमी होते, असं मी पाहिलं आहे.

मुलाला काय सांगायचं हेही तुम्ही विचारलेलं नाही, पण तो विचारेलच. शाळेत त्याला अर्धा दात म्हणून चिडवत असतील. त्याला सांगा की दाताच्या आत एक छोटा गवंडी अजून काम करतो आहे, त्याच्या डोक्यावर आपण छप्पर घालायला चाललो आहोत, आणि तो दहा वर्षांचा होईपर्यंत त्याचं काम सुरू राहणार आहे. सुईची भीती वाटत असेल तर आधी हिरडीवर बधिर करणारं मलम लावतात, तेही सांगा. जाताना पुडी नको. झाकणाच्या छोट्या डबीत पाणी घाला, तुकडा त्यात टाका आणि ती डबी त्यालाच हातात धरू द्या.